पुढची खोली, विनाअट

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने बातमीदार, वय पन्नाशीच्या बरेच पलीकडे आणि साठीच्या थोडे अलीकडे, वडिलांनी बांधलेल्या घराच्या पुढच्या भागात राहणारा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो ते असे.

माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. येत्या सोमवारी ती बदलायची ठरली आहे. शल्यविशारद म्हणतात, "काळजीचं काही कारण नाही." हे वाक्य मी उभी हयात पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकून छापत आलो आहे, म्हणून आजच लिहायला बसलो. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला मागताना मी दोनदा शिंकलो ते त्यांनी मनावर घेतले नाही. मजवर कोणाचाही दाब नाही. ताई शेजारी बसून मटार सोलते आहे आणि मधूनमधून "हं" म्हणते आहे. त्या "हं"ला कायद्याने दाब म्हणता येत नाही, असे आमच्या वकीलबाईंचे मत आहे. त्या या घरात नवीन आहेत.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वडिलांनीही केले नव्हते. "मुलं शहाणी आहेत," असे ते म्हणत. त्या गैरसमजाची हकीकत कलम पाचव्यात येईल.

कलम पहिले. आप्त. मला थोरली बहीण आहे. ती निवृत्त परिचारिका असून सबंध गल्ली तिला ताई म्हणते. मला धाकटा भाऊ आहे. तो सुतार असून घराच्या मागच्या भागात त्याचा कारखाना आहे. मिशा पिकल्या तरी घरात त्याचे नाव धाकटाच. मला पत्नी नाही. विवाहाचा योग एकदा आला होता, त्या दिवशी मी मोर्च्यावर होतो. गल्लीत मला फौजदार म्हणतात. पोलीसखात्याशी माझा संबंध नाही. हे नाव का पडले ते पुढे कळेल.

कलम दुसरे. किरकोळ. माझी संस्कृतची पुस्तके पाठशाळेला द्यावीत. तिथल्या गुरुजींनी भर वर्गात "हा पुढे काहीही करणार नाही" असे भाकीत केले होते. ते तंतोतंत खरे ठरले: बातमीदार काही करत नाही, दुसऱ्यांनी केलेले लिहितो. गुरुजी हयात नाहीत, नाहीतर पुस्तकांबरोबर माझा नमस्कारही पाठवला असता. कपडे ज्याला होतील त्याने घ्यावेत. पोट मजइतके असावे लागेल.

कलम तिसरे. संपादक महाशय. त्यांना मी त्यांचीच छत्री ठेवतो, आणि त्यांनी माझ्या बातम्यांतून आजवर कापलेली सर्व वाक्ये. त्यातली बहुतेक "शांततेत" या शब्दापाशी सुरू होतात. आमचा संवाद नेहमी असा चाले:

"काच फुटली?"

"नाही."

"कोणाला लागलं?"

"नाही."

"मग दिवसभर तिथे करत काय होतास?"

"काच का फुटली नाही ते शोधत होतो."

"आतल्या पानावर. चार ओळी."

त्यांच्यावर माझा राग नाही, कारण जगाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक त्यांच्याच कार्यालयात शिकलेले दिसतात. एका राजाने युद्ध जिंकले, मग प्रेते पाहून त्याला जिंकल्याचीच लाज वाटली, आणि ती लाज त्याने खडकावर कोरून ठेवली. एका शहरात लोकांनी बसमधली अपमानाची जागा नाकारली आणि वर्षभर पायी चालून बसकंपनीला जेरीस आणले. एक चिमुकला देश रणगाड्यांसमोर गाणी म्हणत म्हणत मोकळा झाला. कुठे वाटाघाटी लांबवत बसलेल्या पुरुषांच्या दाराशी बायका ठाण मांडून बसल्या आणि सांगितले, तह झाल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही. हे सारे घडलेले आहे, मी पदरचे काही घातलेले नाही. तरी शाळेत मुले पाठ करतात त्या लढायाच. त्यांचाही इलाज नाही: झालेल्या लढाईला तारीख असते, टळलेल्या लढाईला नसते.

कलम चौथे. वर्ग. ही मिळकत नव्हे, पण हिच्यावाचून पुढचे कलम कळणार नाही.

ताई तेव्हा रुग्णालयात अपघात विभागात होती. सूतगिरणीचा संप चालू होता आणि फाटकासमोर माणसे दिवसचे दिवस निमूट बसून होती. एके दुपारी पहारेकऱ्याने एका तरुण कामगाराच्या बापाचा उद्धार केला. तरुणाने दगड उचलला. घटकाभरात संप संपला आणि रुग्णालय भरले. टाके घालता घालता ताईने त्याला विचारले, "अरे, मारायचं नाही असं ठरलं होतं ना?"

तो म्हणाला, "ठरलं होतं, ताई. पण शिवी आली आणि हात आधी गेला. मी मागून पोचलो."

हे वाक्य घेऊन ती घरी आली. जेवताना म्हणाली, "मारणारे वर्षानुवर्षं कवायत करतात. आणि न मारणाऱ्यांनी मात्र आयत्या वेळी संत व्हायचं?"

"न मारण्याची कवायत कशी करणार?" मी विचारले.

"तू शिव्या दे. मी बसते."

अशा रीतीने पुढच्या खोलीत शनिवारचा वर्ग सुरू झाला. दूरदेशी विद्यार्थ्यांनी मनाई असलेल्या बाकांवर जाऊन बसण्याआधी असाच सराव केला होता, हे मी पुढे वाचले. ताईने वाचले नव्हते, तिला सुचले होते. मी आयुष्यभर वाचतो आहे आणि मला काही सुचत नाही.

वर्गात मी फौजदार. माझे काम खेकसणे, खुर्ची ओढून घेणे, तांब्याभर पाणी डोक्यावर ओतणे, आणि वर्तमानपत्राची सुरळी करून पाठीत हाणणे. आमच्या पत्राचा याहून सार्थ उपयोग माझ्या पाहण्यात नाही. बसणाऱ्यांनी हात गुडघ्यांवर ठेवायचे, नजर खाली घालायची नाही, कुत्सित हसायचे नाही (ताईच्या मते तसे हसणे ही बिनआवाजाची थप्पड), आणि समोरचा धापा टाकू लागला की त्याला पाणी विचारायचे. मग पाळी बदलायची. प्रत्येकाने एकदा फौजदार व्हायचेच, म्हणजे उगारलेला हात किती लवकर भरून येतो ते कळते.

आईबहिणीवरून शिवी द्यायची नाही, हा ताईचा नियम. त्यामुळे माझे फार हाल झाले. मराठीतला निम्मा साठा बाद होऊन मी संस्कृताकडे वळलो. "अरे लंबकर्णा! मृत्तिकामस्तका! उदरंभरा!" असे मी गरजलो की पहिली रांग खो खो हसे आणि सराव वाया जाई. "फौजदार, आशीर्वाद देताय का?" असे एका धोबिणीने विचारले.

याच धोबिणी पुढे रुग्णालयाच्या धुलाईगृहाच्या फाटकाशी बसल्या. पहारेकऱ्याने तोंड सोडले तेव्हा त्यांच्यातली म्होरकी म्हणाली, "बाळा, शनिवारी याहून बरं ऐकलंय. दमलास, पाणी घे." तो पहारेकरी हसला. हसलेल्या माणसाला पुन्हा दांडके उगारणे जड जाते. पुढच्याच आठवड्यात मागण्या मान्य झाल्या. बातमी आतल्या पानावर, चार ओळी.

एक हवालदार साध्या वेशात आमच्यावर नजर ठेवायला येत. त्यांच्या बुटांवरून सगळ्यांनी ओळखले होते, पण ताईने त्यांना बसवून घेतले. मी सुरळी हाणल्यावर ते कळवळून म्हणाले, "साहेब, पकड चुकतेय. मनगट मोडेल तुमचं." तेव्हापासून ते आमचेच. आता निवृत्त आहेत, बूट तेच आहेत.

शास्त्रकारांनी अहिंसेला परम धर्म म्हटले. परम म्हटले की माणसे ती वस्तू चांगल्या कपबश्यांसारखी फडताळात सर्वांत वर ठेवतात आणि पाहुण्यांनाही काढत नाहीत. ताईने ती रोजच्या वापरात काढली. मला शास्त्रातून जे उमगले नव्हते ते तिच्या खुर्च्यांमध्ये उमगले. पळ काढणे ही अहिंसा नव्हे, पळणारा फक्त दमतो. मारता येत नाही म्हणून न मारणे हीही नव्हे. दात पडलेल्या मांजराच्या उपासाबद्दल उंदराने आभार मानू नयेत. एका हाताने टाळी वाजत नाही, असे आपण भांडणाऱ्या दोघांनाही दोष द्यायला म्हणतो. त्यातली युक्ती मात्र कोणी सांगत नाही: दुसरा हात गुडघ्यावर ठेवा. आणि ताईचा शेवटचा धडा असा: समोरच्याला परत यायला वाट ठेवा. नमवलेला माणूस सूड घ्यायला येतो. वाट ठेवलेला चहाला येतो.

कलम पाचवे. धाकटा आणि मधले दार. वडिलांनी पुढची खोली मला लिहायला-वाचायला कबूल केली होती. तीच खोली त्यांनी धाकट्याला दुकानासाठी कबूल केली होती. दोन्ही वेळा ते मनापासून बोलले. मन मोठे होते, खोली एकच होती. ते गेल्यावर वाटणीत ती माझ्या नावे आली. ताईने काहीच घेतले नाही. "झाडणार मीच, मग नाव कोणाचं का असेना," म्हणाली. धाकट्याने माझ्याशी बोलणे टाकले आणि घराच्या दोन भागांमधल्या दाराला आपल्या बाजूने खिळे ठोकले. सुतार असल्यामुळे फार उत्तम ठोकले.

पुढे वर्ग भरला की पलीकडे त्याचा हातोडा सुरू होई. मी वैतागे. ताई म्हणे, "चालू दे की. फाटकासमोर काय बासरी वाजत असते?" रोज दुपारी ती त्याच्या खिडकीत चहाचा कप ठेवी. संध्याकाळी कप विसळून परत येई. या घराचा पत्रव्यवहार तेवढाच.

मग तो प्रसंग घडला, जो अन्य कोणत्याही घरात घडला नसता. वर्गात पालिकेचे सफाई कामगार पहिल्यांदाच आले होते. ताईने त्यांना समजावले होते, की आता एक माणूस येईल, वाटेल ते बोलेल, कोणी हलायचे नाही. तो माणूस म्हणजे मी. पण मला बातमीवरून यायला उशीर झाला. तेवढ्यात कोणाची तरी हातगाडी धाकट्याच्या दारात आडवी राहिली, आणि गिऱ्हाइकाचे कपाट बाहेर निघेना. धाकटा रस्त्याकडून तडक आत घुसला. पुढचे हवालदारांनी सांगितलेले, आणि शेवटचे मी उंबऱ्यातून पाहिलेले.

"ए! कोणाची गाडी ती? बापाचा रस्ता आहे काय?"

वर्ग ताठ बसला. हात गुडघ्यांवर.

"बहिरे आहात? उठा! माझ्याच खोलीत बसून मलाच अडवता?"

पहिल्या रांगेतली बाई सौम्यपणे म्हणाली, "दादा, पाणी घेणार?"

"पाणी? खोली खाल्लीत, आता वर पाणी पाजता?" त्याने खुर्ची आपटली.

"काय आपटली!" मागे कोणीतरी दाद दिली.

मग धाकट्याचा बांध फुटला. वडिलांनी दिलेला शब्द, मी केलेली वाटणी, दार, खिळे, इतक्या वर्षांचे सगळे तो बोलला. कोणी मान खाली घातली नाही, कोणी हसले नाही, कोणी उलटून बोलले नाही. त्याला श्वास पुरेना तेव्हा सबंध खोलीने टाळ्या वाजवल्या.

"वा, फौजदार! वा!"

"मी फौजदार नाही!"

"हो हो, असंच म्हणायचं असतं."

"ते बाबांच्या शब्दाचं कुठून सुचलं हो? माझ्या डोळ्यांत पाणी आलं," पहिल्या रांगेतली बाई म्हणाली.

धाकटा मटकन खुर्चीवर बसला. खुर्ची त्यानेच केलेली होती. "ते सुचलेलं नाही," एवढेच म्हणाला. ताईने त्याच्या हातात कप दिला, या खेपेला खिडकीतून नव्हे.

"पुढच्या शनिवारी येशील?" तिने विचारले.

"कशाला येऊ?"

"राग अजून शिल्लक आहे ना?"

तेव्हापासून तो दर शनिवारी रस्त्याकडून येतो आणि मनसोक्त भांडतो. ज्यांनी त्याच्यासमोर सराव केला ते जगात कोणासमोरही बसू शकतात. माझ्याशी तो अजून बोलत नाही. सरावात मला शिव्या देतो, त्या तो बोलण्यात धरत नाही. मधले दार बंदच आहे.

कलम सहावे. पद. फौजदारकी मी धाकट्याला देतो. तो मजहून सरस आहे, हे लिहिताना माझी झडप किंचित दुखली. सोबत संस्कृत शिव्यांचा संचही त्याचाच. तो वापरणार नाही हे ठाऊक आहे.

कलम सातवे. पुढची खोली. ही मी धाकट्याला देतो. विनाअट.

यावर आज सकाळी पुष्कळ वाद झाला. सफाई कामगार पुढच्या महिन्यात पालिकेसमोर बसणार आहेत, आणि सरावाला गावात दुसरी जागा नाही. वकीलबाई म्हणाल्या, "अट घाला. वर्ग चालू ठेवला, तरच खोली त्यांची."

"आणि नाही ठेवला तर?"

"तर काढून घेता येईल."

"म्हणजे मेल्यावरही मी सुरळी उगारून उभाच."

"हं," ताई म्हणाली. हा "हं" नेहमीचा नव्हता. "आणि त्याने दुकान थाटलं तर?"

"तर दुकान होईल. चांगलं चालेल. त्याला बाबांनी शब्द दिला होता."

"आणि माझे सफाईवाले?"

मला एवढेच कळते, की वाट ठेवायची म्हटल्यावर ती आपल्या सोयीच्या ठिकाणी नेणारी ठेवून चालत नाही. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याला तो मोडण्याची मुभा नसेल, तर तो विश्वास नव्हे, पहारा. मी भित्रा मनुष्य आहे. वर्गात मी कधी बसलो नाही, नेहमी मारणाऱ्याच्याच बाजूला उभा होतो. एकदा बसून पाहतो.

कलम आठवे. उरलेले, सूचना आणि साक्षीदार. जे या कागदाने कोणाला दिलेले नाही, किंवा दिलेले कोणत्याही कारणाने रद्द होईल, ते सर्व ताईचे.

माझ्या निधनाची बातमी द्यायची वेळ आल्यास तीत "शांततेत पार पडले" हे शब्द असावेत आणि संपादकांनी ते कापू नयेत. छत्री त्याच अटीवर आहे. (अट घालायची नाही हे तत्त्व संपादकांना लागू नाही. मनुष्याने एकदम संत होऊ नये.)

वकीलबाईंनी बजावले आहे, की ज्याला या कागदाने काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये. घेतली तर कागद टिकतो, पण त्याला दिलेली मिळकत रद्द होते. म्हणून साक्षीला निवृत्त हवालदार आणि आमच्या पत्राचे छायाचित्रकार यांना बोलावले आहे. हवालदार वेळेआधी आले. छायाचित्रकार सवयीप्रमाणे घटना संपल्यावर येतील.

पुरवणी, सही करण्यापूर्वी लिहिलेली. वरील मजकूर मी ताईला आणि वकीलबाईंना मोठ्याने वाचून दाखवत होतो. मधले दार पातळ आहे हे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. आठवे कलम संपले आणि पलीकडून लाकूड करकरले. एकेक खिळा निघाला. फार उत्तम ठोकलेले असल्यामुळे वेळ लागला. मग दार उघडले. धाकटा आत आला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "सातवं परत वाच."

इतक्या वर्षांत तो मला उद्देशून काही बोलला ते हे. मी वाचले.

"अट नाही?"

"नाही."

"म्हणजे मी खोलीचं काहीही करू शकतो."

"काहीही."

"बघ हं. मग पेन दे. तुझा फोटोवाला काही येत नाही, साक्ष मी घालतो."

वकीलबाई अर्ध्या उठल्या. "अहो, तुम्ही सही केलीत तर खोली जाईल! ताईंकडे जाईल!"

"बाई, मी आधी मोजतो, मग कापतो. ऐकलंय मी आठवं."

"पण इतकी वर्षं तुम्ही हीच खोली मागत होतात ना?"

"मागत होतो ती मिळावी म्हणून. मिळाली." त्याने पेनाचे टोपण काढले. "आता तिचं काय करायचं ते माझं मी बघीन."

मी म्हणालो, "अरे, पण मी ती तुला मनापासून..."

"तू गप्प बस. हात गुडघ्यावर ठेव."

मी ठेवले. ताई रडत होती की हसत होती ते सांगता येत नाही, पण मटार सगळे जमिनीवर गेले होते आणि हवालदार ते बुटांपासून वाचवत वेचत होते. "शनिवार मात्र माझा," धाकटा म्हणाला. वकीलबाईंनी विचार करून मत दिले, की शिवीगाळ ही मिळकत नव्हे. सबब कलम सहावे अबाधित राहते.

मुभा कशाला म्हणतात ते मला या वयात माझ्याच कागदावर वाचायला मिळाले. झडप आजच बरी वाटते आहे. तरी सोमवारी जाईन, कारण पैसे भरलेले आहेत.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमक्ष, ते माझ्याकडे पाहत असताना, सही करतो.

(सही) बातमीदार, ऊर्फ माजी फौजदार

साक्षीदार पहिला: (सही) निवृत्त हवालदार. शेरा: सर्व प्रकार माझ्यासमोर झाला. काच फुटली नाही.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ, सुतार. शेरा: भावाने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीत आहे. सोमवारी रुग्णालयात त्याच्याबरोबर मी जाणार. शिव्या तो घरी आल्यावर.

दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा शनिवार, वर्ग भरण्यापूर्वी.

स्थळ: पुढची खोली. मधले दार उघडे.